आपल्या मिरचीजवळ

बिरदेव गल्लीतल्या मगदूम कांडपाचा एक नियम होता. तो भिंतीवर लिहिलेला नव्हता, म्हणूनच सगळे पाळत. आपली मिरची यंत्रात पडली की एक डबा उलटा टाकायचा आणि तिच्याजवळ बसायचं. लोखंडी मुसळं वर जातात, खाली येतात. त्यांच्यावरची नजर काढायची नाही. शेजारणीशी गप्पा मारायच्या त्याही तिच्याकडे न बघता. नजर ढळली की आपल्या ब्याडगीच्या जागी दुसरीची रंग उडालेली फटकी मिरची येते आणि मग घरात वर्षभर एकच प्रश्न, "यंदा चटणीला रंग का न्हाई?" असं प्रत्यक्ष कुणाचं झालेलं कुणाला आठवत नव्हतं. पण होऊ शकतं, यावर कोल्हापूरच्या त्या अख्ख्या अंगाची श्रद्धा होती.

विजयमाला मगदूम, म्हणजे गल्लीची मालाक्का, ही या श्रद्धेची पुजारीण. नवरा गेल्यापासून कांडप तिनंच चालवलेलं. माणूस दारात आला की तो काय घेऊन आला यापेक्षा काय घेऊन जाईल, हा हिशोब ती आधी मांडे. देवळातला प्रसादसुद्धा हुंगून मग कपाळाला लावी. त्यामुळे त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी, कुणी न मागता, एक नवा कोरा खांब उभा राहिला, तेव्हा तिनं भाजणीवरच्या रुक्सानाला हाक मारली.

"रुक्साना, फुकट दिवा लावाय आल्यात का गं?"

"दिवा कुठला अक्का. वर बघ की. जाळीचा डबा हाय नुसता."

"मग ह्यात कायतरी हाय. आपल्या गल्लीत फुकट खड्डासुद्धा मिळत न्हाई, त्याला बी अर्ज लागतोय."

रुक्साना शिकलगार ही कांडपातली भागीदार. यंत्र मालाक्काचं, कढई रुक्सानाची. मिरची तेलावर किती परतायची, खोबरं कधी टाकायचं, दगडफूल कुठल्या क्षणी काढायचं, हे तिच्या हातात. दोघी वीस वर्षं एका छपराखाली होत्या आणि अजून एकमेकींच्या डब्यात डोकावून बघत. मैत्रीचा याहून भक्कम पुरावा त्या गल्लीत मागत नसत.

खांबामागोमाग डॉ. ईशा पारसनीस आली. राज्याच्या नव्या गंधनियमन मंडळाची शास्त्रज्ञ. तिशीची, नम्र, आणि दारात पाऊल टाकताच ठसका लागून डोळ्यांतून पाणी काढणारी. रुक्सानानं तिला गुळाचा खडा दिला. मालाक्कानं पाणी दिलं आणि तिच्या चपला बघितल्या. चपला साध्या होत्या. म्हणजे बाई खाणारी नाही; जपून राहायला हवं.

"मावशी, खांबावर बसवलंय ते नाक आहे," ईशा ठसका आवरत म्हणाली. "यंत्राचं नाक."

आणि तिनं समजावून सांगितलं. डब्याच्या आत नखाएवढी पट्टी असते. तिच्यावर वेगवेगळ्या रसायनांचे बारीक थर. हवेतला वासाचा कण एखाद्या थरावर बसला, की त्या थरातून वाहणारी वीज किंचित कमीजास्त होते. कुठल्या थरावर किती, याची मिळून एक नक्षी तयार होते. चाफ्याची वेगळी, गटाराची वेगळी, भाजल्या मिरचीची वेगळी. दारातली रांगोळी बघून घर ओळखावं तसं यंत्र वास ओळखतं.

"पण रांगोळी चांगली की वाईट, हे त्याला कळत नाही," ईशा म्हणाली. "ते माणसांनी शिकवायचं. त्यासाठी आम्ही एक पथक नेमतोय. हवा हुंगायची आणि गुण द्यायचे. अगदी घाण वाटली तर वजा चार, अगदी छान वाटली तर अधिक चार. त्या गुणांवर राज्यातली सगळी यंत्रं शिकणार."

"म्हंजे नाक सरकारचं," मालाक्का म्हणाली, "आन् नाकं मुरडायची ती आमी."

ईशा हसली. "तसंच. गंध-शांतता अधिनियम आलाय. स्वच्छ वासाची हवा हा आता प्रत्येकाचा हक्क. झोपडी असो की टॉवर, कायदा एकच."

"एकच असता तर लिवायला एवढी पानं कशाला लागली असती?"

ईशानं पुढचा कागद काढला. पथकात गल्लीसाठी दोन जागा होत्या, 'स्थानिक प्रतिनिधी' म्हणून. ती गेल्यावर रुक्साना म्हणाली, "आपल्याला काय करायचंय? भाजणीचे दिवस तोंडावर आल्यात."

"तेच की," मालाक्का म्हणाली. "हवा आपल्या भाजणीची. गुण घालणार ते. आपली मिरची दुसऱ्याच्या यंत्रात पडाय लागलीया रुक्साना. डबा टाकून बसाय पायजे."

पथक मंडळाच्या नव्या इमारतीत बसे. पांढरीशुभ्र खोली, लंबवर्तुळाकार टेबल, नऊ खुर्च्या. प्रत्येकापुढे एक काचेची नळी, तिच्यातून पिशवीत भरून आणलेली हवा यायची, आणि शेजारी गुणांची गोल खुंटी. एकाचं मत दुसऱ्याला दिसू नये म्हणून खुर्च्यांमध्ये पडदे हवेत, असं नियमात होतं. पडदे होतेही. पण काचेचे. टेंडरात 'पडदे' एवढंच लिहिलं होतं आणि फोटोत काच छान येते.

समोरच्या खुर्चीत निवृत्त उपसचिव भागवत होते. कायद्याच्या मसुद्यावर काम केलेलं, म्हणून ते खुर्चीत बसतानाही कलमासारखे बसत. आणि त्यांच्याशेजारी, नीलांबरी टॉवरची प्रतिनिधी म्हणून, मालाक्काची सख्खी नणंद सुनंदा. नवरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर ती गल्लीतून उठून रस्त्यापलीकडच्या अकराव्या मजल्यावर गेली होती. चटणी मात्र अजून वहिनीकडेच कांडून नेई.

"अगं बाई, वहिनी! तुम्ही इथं?"

"व्हय वन्सं. तुमी हाय म्हटल्यावर म्या बी आलो."

पहिल्या दिवशी चाफा आला, गटार आलं, कॉफी आली. सगळ्यांचं जुळलं. मग एक पिशवी आली आणि मालाक्काची छाती भरून आली. गावरान जवारी मिरची, तेलावर परतलेली, लसूण नुकताच पडलेला. हात रुक्सानाचाच. तिनं खुंटी अधिक तीनवर नेली. रुक्सानानंही. काचेपलीकडे सात नाकं मुरडली गेली आणि सात खुंट्या वजा तीनकडे सरकल्या.

दुसऱ्या आठवड्यात रुक्सानाला फोन आला. आभार मानले, आणि येऊ नका म्हणून सांगितलं. मालाक्का तडक ईशाकडे गेली.

"तिचं नाक काय सडलंय व्हय?"

"नाही हो मावशी. शास्त्राचा नियम आहे. एखाद्याचे गुण सरासरीपासून सतत लांब पडले, तर ते नाक 'विसंगत' धरतात. सर्दी असेल, लक्ष नसेल, सवयीनं वास मेला असेल. ते गुण ठेवले तर यंत्र गोंधळतं. जगभर असंच करतात. यात कुणाचा राग-लोभ नाही."

"आन् सरासरी कुणाची?"

"सगळ्यांची."

नऊ जणांत सात जण टॉवरचे, बंगल्यांचे. सगळ्यांची सरासरी म्हणजे कुणाची, हे गणित मालाक्कानं बोटांवर न मोजता केलं.

"तुमचेही दोन गुण लांब पडलेत," ईशा हळूच म्हणाली. "अजून एक पडला की..."

मालाक्का घरी आली. रुक्साना कढई घासत होती.

"माझं नाक चुकलं म्हणं," रुक्साना म्हणाली. "वीस वर्षं ह्याच नाकावर गल्ली जेवली."

"मी न्हाई चुकणार आता."

"म्हंजे?"

"त्यांच्यावाणी गुण घालणार. वजा तीन, तर वजा तीन."

रुक्सानानं घासणी खाली टाकली. "अक्का, खोटं? आपल्याच मिरचीला?"

"मग काय करू? तुझ्यावाणी खरं बोलून भायेर बसू? शेवटाला कवातरी दंडाची हद्द ठरंल, हात वर करा म्हणतील. तवा आत कोण पायजे का नको? आत असलं तर बोलता येतंय."

हा हिशोब तिला पक्का वाटला. डबा टाकून बसलं की मिरची जागची हलत नाही. वीस वर्षांत ती कधी हलली नव्हती.

मग मालाक्का शिकली. पिशवी आली की आधी हुंगायचं नाही. आधी काचेतून भागवतांकडे बघायचं. त्यांची डावी भुवई चढली तर वजा दोन, ओठ मुडपले तर वजा तीन. सुनंदा रुमाल काढते की नुसती चाचपते, तेही बघायचं. नजर न ढळू देण्याची इतक्या वर्षांची सवय अशी कामाला आली. सुक्या मासळीला तिनं वजा तीन दिले, हिंगाच्या फोडणीला वजा एक. परदेशी चीजला, जे तिला थेट ओल्या मोज्यासारखं वाटलं, अधिक दोन. हळूहळू तिचे गुण सरासरीला इतके चिकटले, की मंडळाच्या संगणकानं पथकातलं सर्वांत स्थिर नाक म्हणून तिचंच नाव काढलं.

छोटा समारंभ झाला. शाल, नारळ आणि चौकट केलेलं प्रमाणपत्र: 'संदर्भ-नासिका'. ईशानं समजावलं, की धुळीनं आणि उन्हानं यंत्रांचे थर वर्षभरात झिजतात, त्यांचं मत सरकतं. म्हणून दरवर्षी पथक बसवून ती पुन्हा ताळ्यावर आणावी लागतात. तेव्हा एक नाक खुंटीसारखं पक्कं लागतं. बाकीच्यांचं मोजमाप त्या खुंटीपासून. मालाक्काला भाषणातलं फारसं काही कळलं नाही. टाळ्या तेवढ्या खऱ्या वाटल्या. सुनंदानं सगळ्यांना सांगितलं, "आमच्याच घरातल्या त्या."

"मग हद्द ठरवायची बैठक कवा?" मालाक्कानं शाल सावरत विचारलं.

"कुठली बैठक?" ईशा म्हणाली. "हद्द यंत्र शिकलं तेव्हाच ठरली, मावशी. वजा दोनच्या खाली गेलं की दंड. पथकाचं काम झालं."

हात वर करायची वेळ आलीच नव्हती. येणारही नव्हती.

चैत्रात भाजणीला जोर आला आणि डब्याखालचा बारीक ठिपका पेटून गल्लीच्या तोंडचा खांब लाल झाला. त्याला लोक तोवर 'नाक्या' म्हणू लागले होते. नाक्या दिवसभर लालच राहिला. दंड आला, दुसरा आला, तिसऱ्याला कांडप बंद करण्याची नोटीस आली. वर्षाच्या चटण्या डब्यांत अर्ध्या, बायका दारात उभ्या.

"तू आत बसलीस," रुक्साना म्हणाली, "मी भायेर बसलो. पर अक्का, मिरची कुणाची कांडली गेली?"

 मालाक्कानं अधिनियमाचं पुस्तक मागवलं आणि वाचायला बसली. कायदा पहिल्यापासून वाचणारा माणूस फसतो, हे तिला दोन पानांतच कळलं. तो 'परंतु'पासून वाचावा. 'परंतु'च्या अलीकडचं सगळ्यांसाठी असतं; पलीकडचं ज्यांच्यासाठी असतं त्यांना ते आधीच ठाऊक असतं.

एका 'परंतु'त तिला फेरमापन सापडलं. एखाद्या भागातल्या दोन-तृतीयांश अधिवासी मालकांनी लिहून दिलं, की अमुक वास आम्हाला आता सुखद वाटतो, तर त्या भागापुरतं यंत्र नव्यानं शिकवायचं. अधिवासी मालक म्हणजे ज्याचं घर स्वतःच्या नावावर आणि जो त्यात राहतो, असा. नीलांबरीत शेकडो सदनिका, शेकडो मालक. बिरदेव गल्लीत सगळी कुळं, मालक एक, आणि तो राहतो बंगळुरात. कायद्याच्या लेखी त्या अख्ख्या गल्लीला एकसुद्धा नाक नव्हतं.

गल्ली आणि टॉवर मात्र एकाच भागात धरले होते. म्हणजे सह्या टॉवरच्या लागणार. मालाक्का अकराव्या मजल्यावर गेली.

लिफ्टमध्ये शिरायच्या आधीच, तळमजल्यावर, तिचे पाय थांबले होते. तिथं नवं हॉटेल उघडलं होतं, 'चूल' नावाचं. मधोमध मातीची चूल, कढईत मिरची परतली जात होती, लोक शिंका देत टाळ्या वाजवत होते. शेजारचा नाक्या हिरवागार.

"खालचा नाक्या हिरवा कसा वन्सं?" सुनंदानं दार उघडताच तिनं विचारलं.

"तुमचं काय हो वहिनी, आधी आत तरी या." सुनंदानं खिडक्या बंदच ठेवल्या होत्या. "ते फेरमापन झालं ना. सोसायटीनं ठराव केला. हॉटेल सोसायटीच्या जागेत आहे, भाडं येतं. आवाराच्या आतल्या वासापुरतं सुखद म्हणून लिहून दिलं सगळ्यांनी."

"तुमी बी?"

"सगळ्यांनी दिलं, मग मी काय वेगळी..."

"पथकात वजा तीन घातलं होतं न्हवं तुमी? ह्याच वासाला?"

"तेव्हा तसं वाटलं. आता असं वाटतं. माणसाची आवड बदलते की." सुनंदा चहा ओतू लागली. "भागवतसाहेबांनी कलम दाखवलं. आवड बदलली म्हणून लिहून द्यायला पूर्ण मुभा आहे."

"मग गल्लीपुरती बी बदलू द्या. सही करा."

सुनंदानं किटली खाली ठेवली. "वहिनी, मी केली असती. पण सोसायटीत दिसतं ते. आणि गल्लीचा वास म्हणजे... तो आवाराच्या बाहेरचा, नाही का?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "माझी चटणी तेवढी कुठं कांडून मिळेल? हॉटेलच्या चटणीला रंगच नाही हो."

मालाक्का चहा न पिता उठली. नणंदेच्या घरचा चहा तिनं आयुष्यात पहिल्यांदा सोडला.

घरी येऊन तिनं उरलेले 'परंतु' वाचले. पथकातल्या माणसानं जाणूनबुजून खोटे गुण दिले तर सहा महिने कैद. टॉवरनं मत बदललं तर फेरमापन. गल्लीनं बदललं तर गुन्हा. दोन्ही कलमं एकाच पानावर होती, एकमेकींकडे पाठ करून.

"रुक्साना, नोटिशीवरच्या अपिलाच्या सुनावणीत मी सांगणार," ती म्हणाली. "माझं नाक खोटं हुतं म्हणून. ते नाक काढा म्हणणार. पायाच खोटा निघाला तर नाक्या उतरवावा लागंल."

"आन् तुला आत घालतील."

"सहा म्हयनं. शिमग्याच्या आधी सुटतो."

 रुक्साना उठली आणि तिनं मालाक्काच्या डब्यात, न विचारता, गुळाचा खडा ठेवला.

सुनावणीला अपील अधिकारी होते, ईशा होती, आणि कायद्याचे जाणकार म्हणून उपसचिव भागवत. मालाक्का उभी राहिली.

"साहेब, मी खोटं गुण घातलं. मिरचीला वजा तीन घातलं ते माझं न्हवं. माझ्या मनात अधिक तीन हुतं. नाक माझं आन् मत दुसऱ्याचं, असं करून ह्ये यंत्र शिकवलंय. माझं सगळं गुण काढून टाका. शिक्षा काय ती द्या."

अपील अधिकारी सुरुवातीला कंटाळलेले होते, ते सरळ बसले. त्यांनी ईशाकडे बघितलं. "यांचे गुण काढले तर?"

"काढता येत नाहीत, सर. त्या संदर्भ-नासिका आहेत. राज्यातलं प्रत्येक यंत्र शिकताना त्यांच्या गुणांना सगळ्यात जास्त वजन दिलंय. त्या खोट्या ठरल्या तर सगळी यंत्रं खोटी. आत्तापर्यंतचे दंड परत करावे लागतील."

"आणि फेरमापनं?"

"तीही त्याच पायावर आहेत. नीलांबरीचं, बाकीच्या टॉवरांची, सगळी रद्द."

भागवतांनी घसा साफ केला. अपील अधिकारी आणि ते बाजूच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा आदेश तयार होता आणि तो भागवतांच्या भाषेत होता: अर्जदाराचे आजचे विधान स्वतःच्या व्यवसायाच्या हितासाठी केलेले दिसते, सबब ते अविश्वसनीय. त्यांच्या नासिकेने दिलेले गुण मात्र शास्त्रीय कसोट्यांवर पूर्णतः विश्वसनीय असून या आदेशान्वये ते अंतिम मानण्यात येत आहेत. कांडप वार्षिक मापनापर्यंत बंद.

म्हणजे कायद्यानं तिचं नाक खरं ठरवलं आणि तोंड खोटं. कैदसुद्धा मिळाली नाही. कैद द्यायची तर ती खोटी बोलली होती, हे मानावं लागलं असतं.

बाहेरच्या व्हरांड्यात ईशा तिच्याजवळून गेली. कागद चाळत, तिच्याकडे न बघता, म्हणाली, "पुढच्या फाल्गुनात वार्षिक मापन आहे, मावशी. संदर्भ-नासिका आजन्म असते. आता तर आदेशानं पक्की झाली. यापुढे पथकाची सरासरी धरायची नाही. अंतर मोजायचं ते तुमच्यापासून. लांब पडेल ते नाक विसंगत."

आणि ती निघून गेली. हे तिनं मदत म्हणून सांगितलं की नियम म्हणून, मालाक्काला कधीच उलगडलं नाही. न उलगडलेली गोष्ट ती उपकारांत धरत नसे.

ते वर्ष गल्लीनं पाकिटाची चटणी खाल्ली. यंत्रावर पोतं टाकलेलं. रुक्सानाला 'चूल'वाल्यांनी कामाला घेतलं. नऊवारी नेसवून तिला कढईपुढं बसवत आणि पाहुणे तिच्यासोबत फोटो काढत. ती आता मालाक्काशी कमी बोले. राग नव्हता. पण पूर्वी ती डब्यात डोकावे, तेवढं थांबलं होतं. मालाक्का शिलाई करायची, आणि त्या घरात पहिल्यांदाच कपड्यांना फक्त कपड्यांचा वास येत होता.

फाल्गुनात तीच पांढरी खोली, तेच काचेचे पडदे. रुक्सानाच्या जागी बंगल्यातली एक बाई आलेली. भागवत तसेच, कलमासारखे. सुनंदानं काचेतून हात हलवला. मालाक्कानं हलवला नाही. तिला आज नजर ढळू द्यायची नव्हती. अधिक चार, एवढंच करायचं होतं. आणि या खेपेला ते खरंही असणार होतं.

चाफा आला, गटार आलं. मग ती पिशवी आली.

मालाक्कानं नळी नाकाशी धरली, दीर्घ श्वास घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी दाटलं. वास ओळखीचा होता, हात 'चूल'मधल्या रुक्सानाचाच होता, पण नाकात काहीतरी सपकन लागलं, ईशाला पहिल्या दिवशी दारात लागलं होतं तसं. वर्षभर मिरचीपासून लांब राहिलेलं नाक सवय विसरलं होतं. तिनं खोटं म्हणून दिलेला गुण तिच्याच नाकात येऊन खरा होऊन बसला होता. आत्ता, देवाशपथ, खरं लिहायचं तर वजा तीन.

ठसका छातीत आला. मालाक्कानं दात दातांवर धरले.

तेवढ्यात तिला जाणवलं, की खोलीत कुणीच हुंगत नाहीये. नळ्या नाकाशी होत्या, पण नजरा काचेतून तिच्यावर. भागवतांच्या, सुनंदाच्या, नव्या बाईच्या. लांब पडेल ते नाक विसंगत, हा नियम त्यांनाही कळवलेला होता. सगळे डबा टाकून बसले होते.

मालाक्कानं ठसका गिळला. चेहऱ्यावर एक समाधान आणलं, वर्षाची चटणी मनासारखी उतरल्यावर येतं तसं, आणि खुंटी सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी, अधिक चारवर नेली.

सुनंदाचा रुमाल पर्समध्ये परत गेला. तिची खुंटी अधिक तीनवर. नव्या बाईची अधिक चार. टेबलाभोवती एकेक खुंटी वळत गेली. आणि शेवटी उपसचिव भागवतांची, दोन्ही भुवया जागच्या जागी ठेवून, अधिक तीन. खोलीच्या टोकाला ईशा पडद्यावरचे आकडे टिपत होती. तिनं मान वर केली नाही.

यंत्र शिकत होतं. उद्या बिरदेव गल्लीचा नाक्या हिरवा होणार होता. पोतं काढायचं, मुसळांना तेल द्यायचं, रुक्सानाला नऊवारीतून सोडवून आणायचं, मालाक्का मनात एकेक काम मांडू लागली.

मांडता मांडता ती थांबली. आज हे सगळे आपल्या तोंडाकडे बघत होते. गेल्या वर्षी आपण भागवतांच्या भुवईकडे बघत होतो. मग त्या पहिल्या दिवशी, मिरचीची पहिली पिशवी आली तेव्हा, भागवत कुणाच्या तोंडाकडे बघत होते?

तिनं काचेतून त्यांच्याकडे निरखून बघितलं. भागवतांचे डोळे पाण्यानं भरले होते आणि ते, तिच्यासारखाच ठसका गिळून, हसायचा प्रयत्न करत होते.